गोत्र सांगितले, रक्त सांगायचे राहिले

श्रीधन्वंतरीला, आमच्या कुलस्वामीला आणि ज्या कावेरीच्या पाण्यावर आमची घराणी वाढली त्या मातेला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज महालय अमावास्या. सकाळच्या तर्पणात वडिलांकडची आणि आईकडची नावे घेऊन झाली, की शेवटी गुरू, मित्र, आप्त यांच्यासाठी पाणी सोडतात. त्या शेवटच्या पाण्यात आज मी एक नाव पासष्ट वर्षांनी प्रथमच उच्चारले. ते कोणाचे, आणि ते ओठांवर येण्यासाठी मला फुप्फुसाचा कर्करोग का व्हावा लागला, हे सांगणे हेच या लेखनाचे निमित्त. ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांच्यासाठी लिहितो. धीर देण्याजोगे माझ्यापाशी फार नाही. जे घडले ते मात्र खरे सांगेन.

एका श्वासातला संकल्प

मद्रासजवळच्या तांबरममधील एका शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकविले. निवृत्तीनंतर येथेच राहिलो. घरात मी, पत्नी पद्मा आणि एकुलती एक कन्या वासंती. ती सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरातली बोली आजोबांच्या काळची, त्यात निम्मे तमिळ मिसळलेले. लिहिताना मी पुस्तकी मराठी लिहितो, तेवढी मुभा वाचकांनी द्यावी.

रोजच्या पूजेचा संकल्प मी एका श्वासात म्हणत असे. काळ, देश, तिथी, नक्षत्र, गोत्र, नाव, सारे एका ओघात. गेल्या वर्षी मार्गशीर्षात एके सकाळी गोत्रापाशी येऊन श्वास संपला. दुसऱ्या दिवशी नक्षत्रापाशी संपला. पद्मा स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, आज दोनदा थांबलात."

"थंडी आहे," मी म्हणालो.

"तांबरमात कसली थंडी? डॉक्टरला दाखवा."

मी दाखविले नाही. खोकला होता, तो धूपाच्या धुरामुळे आहे असे मी ठरवून टाकले आणि धूप बंद केला. असे दोन महिने गेले. आयुष्यात मी तंबाखूला किंवा तपकिरीला शिवलो नव्हतो. कर्करोग माझ्याकडे कशाला येईल, अशी माझी समजूत होती. ती समजूत हाही एक प्रकारचा गर्वच होता, हे आता कळते.

निदानाचा दिवस

सीटी स्कॅननंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसविले. त्या वासंतीच्याच वयाच्या असतील. कर्करोगतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव होते, पण बोलणे हळू. आमचे सारे बोलणे तमिळमध्ये होई. मी ते येथे मराठीत उतरवीत आहे.

"सर, उजव्या फुप्फुसात गाठ आहे. बाहेर पाणीही साचलंय. सुई घालून तुकडा काढायला हवा."

पद्माने विचारले, "तुकडा काढला की बरं वाटेल का यांना?"

डॉक्टर म्हणाल्या, "अम्मा, तुकडा काढायचा तो नाव कळण्यासाठी."

सुई घातली आणि फुप्फुस खाली बसले. हे क्वचित होते म्हणतात. माझ्या बाबतीत झाले. बरगड्यांमधून नळी घालून मला पाच दिवस पलंगाला बांधल्यासारखे ठेवले. श्वास घेताना आत कोणी कापड फाडते आहे असे वाटे. त्या खोलीतल्या नर्सचे नाव स्टेला. नळी घालताना जानवे मध्ये येत होते. कात्री तिच्या हातातच होती. तिने ती खाली ठेवली. "तात्ता, कापत नाही. बाजूला करते," असे, आजोबांना मारतात ती हाक मारून, म्हणत तिने जानवे स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळले आणि माझ्या डाव्या दंडाला हलकेच बांधले. गळ्यात क्रूस घातलेल्या त्या मुलीने माझ्यासाठी काय राखले, हे तिला ठाऊक असेल की नाही कोण जाणे. त्या पाच दिवसांत मला रडू आले ते तेव्हाच एकदा.

सहाव्या दिवशी डॉक्टर आल्या. जो कण हाती लागला तो कर्करोग आहे एवढे सांगण्यापुरता होता. तो कोणत्या जातीचा, हे विचारण्यापुरता उरला नव्हता.

रक्ताला विचारू

त्यांनी समजावले ते मला असे कळले. फुप्फुसाच्या काही कर्करोगांमध्ये पेशीच्या आतल्या लेखनात एक ठराविक चूक असते. ती चूक कोणती हे कळले, तर तिच्यावर नेमके चालणारे औषध गोळीच्या रूपात मिळते. ती न कळली तर शिरेतून देण्याची केमोथेरपी उरते. माझे हृदय आधीच अशक्त, त्यात फुप्फुस एकदा बसलेले. केमोथेरपी मी किती सोसेन, याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. तुकड्यासाठी पुन्हा सुई घालणे तर शक्यच नव्हते.

"पण गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे तुकडे रक्तात उतरतात. हातातून रक्त घेऊन त्यात ते शोधता येतात. रक्ताला विचारून बघू या."

एवढी साधी गोष्ट. माझा सारा जीव आता दोन नळ्यांत मावणार होता.

रक्त घेण्याआधी एका सहायिकेने कागद भरून घेतला. नाव, वय, व्यवसाय. मग तिने विचारले, "घराण्यात कोणाला फुप्फुसाचा आजार? कर्करोग? वडील, आजोबा, भावंडं?"

अशा प्रश्नाला उत्तर देण्याची मला सवय आहे. श्राद्धाला बसल्यावर भटजी हेच विचारतात आणि मी तीन पिढ्या सांगतो. येथेही मी तशाच सांगितल्या. वडील वयाच्या ऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. आजोबा वार्धक्याने. पणजोबांना पडल्याचे निमित्त झाले. आईला मधुमेह होता. भावंडे नाहीत. कोणाच्याही छातीला कधी काही नाही.

"काहीच नाही," असे सहायिकेने लिहिले. पद्मा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग मान खाली घातली. त्या पाहण्याचा अर्थ मला समजला होता. मी तो बाजूला सारला.

स्टेलानेच रक्त घेतले. नळ्या भरल्यावर तिने त्या हलवल्या नाहीत. एकेक नळी हातात घेऊन ती सावकाश उलटी-सुलटी करीत राहिली, दहा वेळा. मी मोजले. "बर्फात ठेवायच्या नाहीत, हिसकायच्या नाहीत," ती म्हणाली. देवाचे तीर्थही कोणी इतक्या जपून हाताळत नाही.

पायसम

मग वाट पाहणे सुरू झाले. आजारात वेदनेपेक्षाही हे कठीण. सकाळी पूजेला बसे, मूर्तीवर पाणी घाले, आणि मंत्र म्हणताना मनात दुसरेच काही चालू असे. हे देवा, माझ्या रक्तात ती चूक असू दे. स्वतःच्या रक्तात दोष सापडावा म्हणून प्रार्थना करणारा माणूस मी कधी ऐकला नव्हता. पुढे पुढे तीही करवेना. नुसता बसून राहत असे.

बाराव्या दिवशी दुपारी वासंतीचा ऑफिसमधून फोन आला. रिपोर्ट तिच्या मोबाईलवर आला होता. पद्माने फोन घेतला.

"अम्मा, रिपोर्ट आला. काही आढळलं नाही असं लिहिलंय."

"काहीच नाही?"

"नाही अम्मा. मी येते घरी. आल्यावर बोलू."

पद्माने फोन ठेवला, देवापुढे दिवा लावला आणि पायसम, म्हणजे खीर, करावयास घेतले. मीही तिला अडवले नाही. काही आढळले नाही, म्हणजे रोग नाही, असे त्या तासाभरात मीदेखील धरून बसलो. एवढे शास्त्र शिकलेला मी. उपास सोडावा तसे आम्ही दोघांनी वाटीभर पायसम खाल्ले. पद्मा शेजारच्या घरीही देऊन आली.

वासंती दारात आली तेव्हा वेलदोड्याचा वास साऱ्या घरात होता. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"अम्मा, हे काय केलंस?"

"तूच म्हणालीस ना, काही नाही म्हणून?"

वासंती दारातच बसली. "गोळी चालेल असं काही आढळलं नाही, अम्मा. कॅन्सर आहेच. गोळीचं दार बंद झालं, असा त्याचा अर्थ."

पद्मा स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पातेले घासल्याचा आवाज आला. ती पुष्कळ वेळ ते एकच पातेले घासत होती.

पद्मा बोलली

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे डॉक्टरांपुढे होतो. त्या म्हणाल्या, "सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं. रक्तात उतरलेलं थोडं असेल तर सुटून जातं. शिवाय ही तपासणी नेहमीच्या थोड्याच बदलांची होती. बरेच बदल पाहणारी मोठी तपासणीही असते, पण तिला तीन आठवडे लागतात. घराण्यात कोणाला काही नाही, आणि सरांची तब्येत पाहता मी थांबायला भिते. सोमवारपासून केमो सुरू करू या."

"सोसेल का?" वासंतीने विचारले.

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा तेथेच ठेवला.

तेव्हा पद्मा बोलली. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली. चारचौघांत माझे म्हणणे तिने कधी खोडले नव्हते.

"डॉक्टर, त्या दिवशी कागदात लिहिलेलं बरोबर नाही. यांनी सांगितले ते दत्तक घेणारे वडील. जन्म दिलेले वडील कुंभकोणमला खोकून खोकून गेले. तीन वर्षांपूर्वी यांची सख्खी बहीण गेली, तिच्याही छातीत पाणी झालं होतं. त्या घरात विडीसुद्धा कोणी ओढली नाही."

वासंती माझ्याकडे पाहत होती.

हे वाचकाला सांगितले पाहिजे. मी नऊ वर्षांचा असताना दूरच्या नात्यातल्या एका निपुत्रिक दांपत्याने मला विधिपूर्वक दत्तक घेतले. अग्नीच्या साक्षीने माझे गोत्र बदलले. शास्त्राप्रमाणे त्या क्षणापासून पूर्वीच्या घराशी माझा पिंड-पाण्याचा संबंध संपला. नव्या आईने पुढे एकदा माझा हात धरून सांगितले, हे तुझ्या मुलाबाळांना कळू देऊ नकोस, मला परकी करू नकोस. मी ते पाळले. इतके पाळले की त्या सहायिकेने विचारले तेव्हा खोटे बोलतो आहे असे मला वाटलेही नाही. माझे वडील कोण, याचे उत्तर माझ्यापाशी एकच होते. गोदाक्का, माझी पाठची नव्हे तर माझ्याहून चार वर्षांनी मोठी सख्खी बहीण, वारली तेव्हाही मी कुंभकोणमला जाऊन लांबच्या आप्तासारखे स्नान केले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

डॉक्टर म्हणाल्या, "सर, तुमच्या शास्त्रात तुम्ही बरोबर असाल. मी विचारत होते ते रक्ताच्या माणसांबद्दल."

मी मान हलविली.

त्यांनी केमोचा कागद बाजूला ठेवला. "तीन माणसं, विडी-सिगारेट नाही. आता मला मोठी तपासणी केल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन आठवड्यांचा धोका आपण घेऊ या का?"

"घेऊ," पद्माच म्हणाली.

तीन आठवडे

घरी येताना गाडीत वासंतीने एकच वाक्य उच्चारले. "अप्पा, तीन पिढ्या सांगितल्यात, आणि जन्म दिलेला बाप तेवढा वगळलात."

त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ऑफिसचे काम तिने घरूनच करावयाचे ठरविले. पुढच्या खोलीत बसून कंपनीतल्या लोकांशी हसून इंग्रजीत बोले. फोन ठेवला की मुकी. कॉफीचा टंबलर मात्र वेळेवर माझ्यापुढे येई. डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतून, फेस आणून, मला पिववेल इतपत निववून. मी "वासंती" म्हणून हाक मारली की ती आधीच वळलेली असे.

शरीर खाली चालले होते. पाणी पुन्हा साचले, ते सुईने काढावे लागले. चहाच्या रंगाचे, एका मोठ्या बाटलीभर. आडवे होता येईना, म्हणून खुर्चीत उश्या लावून बसत असे. संकल्प आता चार श्वासांत होई. पुढे तोही सोडला. देवापुढे बसून मी एकदा स्पष्ट म्हणालो, मला काही नको, पण ती माझ्याशी बोलू दे. तिच्या बोलण्याआधी मी गेलो तर मला गती नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती कोणाला न सांगता बसने कुंभकोणमला गेली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी परतली. गोदाक्काच्या सुनेने तिला एक फाईल दिली होती. ती तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"वाचा."

गोदाक्काला वर्षभर क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. मधल्या एका कागदावर कोणा डॉक्टरने लिहिले होते, क्षय वाटत नाही, गाठीची शंका, मोठ्या ठिकाणी तपासून घ्यावे. त्या कागदाला घडीच्या खुणाही फारशा नव्हत्या. तो कोणी उघडलाच नसावा. तिच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. मी वाचले असते. मी तिचा भाऊ आहे असे एकदा जरी धरले असते, तर ती फाईल माझ्यापुढे आली असती.

"तिच्या सुनेनं मला काय विचारलं, ठाऊक आहे?" वासंती म्हणाली. "आमच्या आत्तेचा, सासूबाईंचा, भाऊ मास्तर आहे ना मद्रासला, तो का आला नाही कधी? मी काय सांगू अप्पा? शास्त्र सांगू?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आता आजारी आहेत. बरे झाले की आणते." तिने डोळे पुसले. "ती माझी खरी आत्या. लहानपणी एका लग्नात भेटली होती, माझ्या हातात डझनभर बांगड्या घातल्या होत्या. मी नमस्कार करून दहा मिनिटांत पळाले. कोणी तरी सांगायचं होतं ना मला, थांब म्हणून."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

कागदाची दुसरी बाजू

मोठ्या तपासणीचे उत्तर आले ते एकविसाव्या दिवशी. मी चाकाच्या खुर्चीत होतो. डॉक्टर दारापर्यंत उठून आल्या, तेव्हाच मला कळले की काही तरी हाती लागले आहे.

"आहे, सर. रक्तानं सांगितलं. गोळी आहे तुमच्यासाठी. रोज एक."

पद्माने पदर तोंडाला लावला. मी डोळे मिटले आणि मनात जे नाव आले ते देवाचे नव्हते. ते गोदाक्काचे होते.

तो आनंद पान उलटण्याइतकाच टिकला. डॉक्टर सांगू लागल्या. गाठीतून आलेले बदल रक्तात थोड्याच प्रमाणात दिसतात. पण एक बदल रक्तातल्या जवळजवळ निम्म्या तुकड्यांत दिसतो आहे. असे दिसते तेव्हा तो जन्मासोबत आलेला असण्याचा संभव मोठा. त्यासाठी वेगळी तपासणी करून खात्री करू. "तसं असेल, तर तुमच्या मुलीतही तो असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे रोग आहे असं नाही. पण लक्ष ठेवावं लागतं."

मी म्हणालो, "मला गोळी नको. हिचं आधी बघा."

"अप्पा, गप्प बसा," वासंती म्हणाली. "भाजीवाल्याशी घासाघीस चाललेली नाही इथे."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी तिला नीट समजावून सांगितले की हे जाणून न घेण्याचाही अधिकार तिला आहे. विचार करून सांगावे, घाई नाही.

"विचार झाला. या घरात न सांगण्याचं काम पुष्कळ झालंय."

गोळी सुरू झाली. तोंडावर पुरळ आले, जिभेला फोड आले, पोट बिघडले. रसमभातसुद्धा तिखट लागे. पण पाचव्या आठवड्यात मी आडवा झोपू लागलो आणि सातव्यात फाटकापर्यंत चालत गेलो. दुसरा कोणी असता तर याला चमत्कार म्हणाला असता. डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवले होते की ही गोळी रोगाला थोपवते, उपटत नाही, आणि एक दिवस रोग तिला चुकवून पुढे जातो. तो दिवस कधी, हे रक्तच पुन्हा सांगेल. दर काही महिन्यांनी स्टेला त्या दोन नळ्या भरते आणि सावकाश उलट्या-सुलट्या करते.

माझ्या बदलाची खात्री झाली. तो जन्मासोबतचाच होता. मग वासंतीचे रक्त तपासणीस गेले. मी पाहिलेल्या तिन्ही प्रतीक्षांमध्ये ही सर्वांत वाईट. आपल्यासाठी भ्यालेला माणूस देवाला काही देऊ करू शकतो. लेकीसाठी भ्यालेल्यापाशी देण्यासारखे काही उरत नाही. या बाबतीत मी देवावर रागावलो, आणि अजूनही तो राग पुरता गेलेला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे सांगेन म्हणालो आहे.

ज्या दिवशी तिचे उत्तर आले, त्या दिवशी ती घरी आली, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि माझ्यापुढे जमिनीवर बसली.

"अप्पा, माझ्यातही आहे."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. पद्मा सांगते की मी पुनःपुन्हा "माझ्यामुळे" एवढेच म्हणत होतो.

"तुमच्यामुळे आहे, तसं तुमच्यामुळे कळलंही. गोदाक्काला कळलं नाही." ती बोलत राहिली. "माझं स्कॅन झालं. आज स्वच्छ आहे. दर वर्षी करायचं. एवढंच आता ठाऊक आहे, आणि एवढ्यावरच आज जेवायचं. अम्मा, वाढ."

आम्ही जेवलो.

कोऱ्या रकान्यात

गेल्या आठवड्यात वासंतीच्या तपासणीसाठी आम्ही तिघे रुग्णालयात गेलो. या वेळी रुग्ण ती होती आणि सोबत मी. सहायिकेने तोच कागद पुढे केला. वासंतीने तो स्वतः भरावयास घेतला. घराण्याच्या आजारांच्या रकान्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"अप्पा, आजोबांचं नाव?"

तिच्या तोंडून हा प्रश्न मी पूर्वी अनेकदा ऐकला होता आणि त्याचे एकच उत्तर दिले होते. या वेळी श्वास अडखळला. तो रोगाने अडखळला नव्हता.

"त्र्यंबकराव," मी म्हणालो. "कुंभकोणम. बावन्नाव्या वर्षी गेले. खोकला."

तिने लिहिले. त्याखाली लिहिले, आत्या, गोदावरी. त्याखाली, वडील, आणि माझे नाव. तीन ओळी झाल्या. मग पेन न उचलता तिने चौथी ओळ लिहिली, स्वतःची, आणि तिच्यापुढे लिहिले, आज काही नाही.

आज सकाळी तर्पणात मी ते नाव घेतले. त्र्यंबकराव, त्यांच्या गोत्रासह, आणि मागोमाग गोदावरी. ज्या आईवडिलांनी मला आपले केले त्यांचे पाणी आधी सोडले होते, त्यांचे काही कमी केले नाही. तीळ ओंजळीतून उतरले. वासंती मागे उभी राहून नावे ऐकत होती.

वाचकहो, कोणी वैद्य तुम्हाला तुमच्या घराण्याविषयी विचारील, तेव्हा ज्यांनी वाढविले त्यांची नावे भक्तीने सांगा. आणि ज्यांच्यापासून तुमचे रक्त आले, त्यांचीही सांगा, मग ती नावे घेण्याला घरात कितीही वर्षांची बंदी असो. आणि काही आढळले नाही असा कागद आला, तर गोडधोड करण्याआधी त्याचा अर्थ विचारा.

ज्यांच्या हाती हे पडेल त्यांच्या छातीत श्वास सुखाने येवो जावो. त्यांच्या घरातील लेकीबाळींना आपल्या माणसांची सर्व नावे माहीत असोत. आणि त्यांच्या कागदावरच्या शेवटच्या ओळीपुढे, वर्षामागून वर्षे, आज काही नाही असेच लिहिले जावो, अशी धन्वंतरीच्या चरणी प्रार्थना करून हात जोडतो.